आतून धर

१

शाळेची घंटा आमच्या बैलांच्या कोठ्यापर्यंत ऐकू येते, हे मला त्या पावसाळ्यात कळलं. त्याआधी घंटा व्हायची तेव्हा मी शाळेतच असायचे. आता ती व्हायची तेव्हा मी जीपखाली उताणी पडलेली असायचे. पाठीखाली पोतं, तोंडावर गंजाचा भुगा, आणि उजवा हात कोपरापर्यंत लोखंडात.

बाबूजींनी बैलजोडी विकून ती जीप घेतली होती. बालाघाटहून किरनापूरला दोन बसांच्या मधल्या वेळात सवाऱ्या न्यायच्या, असा त्यांचा बेत होता. जीप बांबूच्या एका ठेकेदाराकडे पडून होती. पुढच्या चाकावरची एक कमान, म्हणजे लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग, तुटलेली, त्यामुळे ती एका बाजूला वाकून उभी असायची, जणू कोणाचं तरी बोलणं ऐकते आहे. बैलांच्या रिकाम्या कोठ्यात ती ढकलत आणली तेव्हा गव्हाण तशीच होती, खुंटे तसेच होते.

नवी कमान गोंदियाहून आली. जुनी निघेना. तिचं कडं चासीच्या, म्हणजे खालच्या सांगाड्याच्या, पोकळ तुळईला चार बोल्टांनी धरलेलं होतं. बोल्टांची डोकी बाहेर आणि नट तुळईच्या पोटात. बाहेरून बोल्ट फिरवला की आतला नटही त्याच्याबरोबर फिरायचा. म्हणून आतून कोणीतरी पाना लावून नट धरून ठेवायला हवा होता. तुळईला खालून एक भोक होतं, लोट्याच्या तोंडाएवढं. बाबूजींचा हात त्यात जात नव्हता. मायचा बांगड्यांपाशी अडकला.

माझा गेला.

"पाह्य वं दुर्गा!" बाबूजी मायला म्हणाले. "म्या म्हणत होतो नं, हे पोरगी कामाची हाय."

माझ्या हाताचं घरात पहिल्यांदाच कौतुक झालं. दुसऱ्या दिवसापासून माझी शाळा बंद झाली. "जीप निघू दे, मंग जाय शाळेत," बाबूजी म्हणाले. शाळेतून बाई विचारायला आल्या तेव्हा मला ताप आल्याचं त्यांना सांगितलं. मी दाराआड उभी होते. मला ताप नव्हता. मला राग आला होता, आणि तो कुठे ठेवायचा ते कळत नव्हतं.

२

पहिल्या बोल्टाला बाबूजींनी मोठ्या मापाचा पाना लावला आणि त्याचे पैलू घासून गोल केले. मग त्यांनी त्याला घासलेट पाजलं, हातोडीनं ठोकलं, शिव्या दिल्या. शेवटी कानशीनं डोक्याच्या दोन बाजू सपाट केल्या आणि पाइप पाना बसवला.

"धरलं का आतून?"

"हौ."

"धर नं नीट वं! काय जेवली नाहीस का?"

पाना माझ्या हातातून निसटायचा, बोटं तुळईच्या काठावर आपटायची. मी बोलत नसे. मी घरातही फार बोलत नाही. धाकटी सीता माझ्या वाट्याचंही बोलते. ती कोठ्याच्या दारात बसून विचारत राहायची, "ताई, आत अंधेरा हाय का? आत काय हाय?"

"काही नाही. नट."

पहिला बोल्ट निघाला तेव्हा बाबूजींनी सगळ्या वाड्याला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली. मी हात बाहेर काढून पाहत होते. मनगटाभोवती लाल वळ होता, कडं घातल्यासारखा.

तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आलं की हे नट आपोआप आत बसलेले नाहीत. बोल्ट कसताना कोणीतरी बाहेरून फिरवलं असेल. आणि त्या वेळीसुद्धा कोणीतरी आतून धरलं असेल. ज्याचा हात या भोकातून जाईल, अशा कोणीतरी.

  साधा हिशेब होता.

३

दुसऱ्या बोल्टाच्या वेळी दुपार होती. उकडत होतं. बाबूजी चाकाच्या त्या बाजूला बसलेले, त्यांची फक्त पावलं मला दिसत होती. घाम डोळ्यांत गेला म्हणून मी हात बाहेर काढला, पाना पोटावर ठेवला आणि ओढणीनं तोंड पुसायला लागले.

"हां," बाबूजी म्हणाले. "आता बराबर. अस्संच धर."

लोखंड कुरकुरलं.

मी पाना पाहिला. तो माझ्या पोटावर होता.

"हालू नको. निघून राह्यला."

बोल्ट फिरत होता, आणि नट त्याच्याबरोबर फिरत नव्हता. फिरला असता तर आवाज वेगळा आला असता. तो आवाज मला आता झोपेतही ओळखू आला असता. कोणीतरी घट्ट धरून ठेवलेल्या नटातून बोल्ट सुटत होता. शेवटी आत काहीतरी टक्कन पडलं आणि बोल्ट बाबूजींच्या हातात आला.

"शाब्बास! पाह्य, मन लावलं का होते."

मी पडून राहिले. गंजानं धरलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण तो नट सकाळपासून गरगर फिरत होता. मी सोडल्याबरोबर गंजाला तो एकाएकी धरावासा वाटला, असं कसं म्हणायचं? तरी मी तसंच म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

संध्याकाळी भाकरी थापताना मायला सांगितलं. तिनं तव्यावरून नजर काढली नाही.

"निघाला नं बोल्ट?"

"हौ."

"मंग? कोनं धरला कायले पाह्यतं? लवकर होऊ दे, तुही शाळा चाल्ली."

४

तिसऱ्याचे आटे मारले गेले होते. बोल्ट जागेवरच फिरायचा, ना मागे ना पुढे. बाबूजी बाहेरून छन्नीनं डोकं उचलून धरणार आणि मी आतून नट दाबून धरणार, असं ठरलं.

मी हात घातला. नट चाचपडत असताना पान्याचं तोंड वाकडं बसलं. मी ते सरळ करणार, इतक्यात ते सरळ झालं.

आतून कोणीतरी सरळ केलं.

मग माझ्या अंगठ्यावर एक अंगठा आला. गरम होता, घामेजलेला. त्यानं माझा अंगठा पान्यावर योग्य जागी सरकवला आणि दाबला. जोरात दाबला.

मी किंचाळले नाही. मला किंचाळता येत नाही, आवाजच निघत नाही. मी फक्त हात ओढला आणि कोपर सोलून घेतलं.

"काय झालं?"

"आत काही हाय."

"बेडूक असन. पाऊस हाय, लोखंडाच्या आडोशाले बसते." बाबूजी टॉर्च घेऊन आडवे झाले, भोकाला डोळा लावला. तुळई पुढून पत्र्यानं बंद होती, मागून बंद होती. त्यांनी बराच वेळ पाहिलं. "काही नाही. घाल हात."

"बाबूजी, मले नको वाटते."

"नको वाटते? बैल इकले म्या! लोकं हासून राह्यले मले, आन् तुले नको वाटते?"

मी हात घातला. बेडकाला अंगठा नसतो, हे मी विज्ञानाच्या पुस्तकात वाचलं आहे. बेडूक पाना सरळ करत नाही. पण त्या वेळी मी बेडूक, बेडूक, असंच मनात म्हणत होते. आतली पकड पुन्हा आली, माझ्या हातावरून, माझ्या हातासकट नटावर. तिसरा बोल्ट बाबूजींच्या पहिल्याच झटक्यात निघाला.

त्या पकडीबद्दल एकच गोष्ट मला नीट सांगता येते. ती घाबरवणारी नव्हती. ती वैतागलेली होती. कोणीतरी कितीतरी वेळ एकच गोष्ट धरून बसावं, वरून कोणीतरी ओरडत राहावं, तशी. ती पकड मला लगेच ओळखू आली. माझीही तीच होती.

५

चौथ्यासाठी मी हात घालायला नकार दिला.

म्हणजे मी "नाही" म्हटलं नाही. मी कोठ्यात गेलेच नाही. चुलीपाशी बसून राहिले. बाबूजी दारात येऊन उभे राहिले, हात काळे, कपाळावर ग्रीस.

"येतं का नाही?"

मी मान हलवली.

"ठीक हाय. मंग शाळा बी बंद. आता बंदच समज. लगन करून देतो, धरजो तिकडं ज्याचं धरायचं त्याचं."

मायनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मला बाबूजींपेक्षा तिचा जास्त राग आला, आणि तो अजूनही पूर्ण गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी पोळा होता. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपानं शेकतात आणि त्यांना दुसऱ्या दिवसाचं जेवायचं आवतन देतात. आमच्याकडे हे काम गोदाआत्याचं. ती बाबूजींची थोरली बहीण, विधवा, आमच्याकडेच राहते. यंदा बैल नव्हते. तरी ती वाटी आणि पळसाचं पान घेऊन कोठ्याकडे निघाली.

"कुठी चाल्ली बाई?" मायनं विचारलं.

"कोठ्यात जे उभं हाय त्याले आवतन देल्लं पाह्यजे. बैलाच्या जागी आलं नं थे?"

"लोखंडाले कायचं आवतन!"

"लोखंडाच्या भरवशावर पोट भरनार हाव आपुन, तं मान बी देल्ला पाह्यजे."

मी आणि सीता मागोमाग गेलो. आत्यानं जीपच्या पुढच्या तुळईला, जिथून तीन बोल्ट निघाले होते तिथेच, तूप-हळद चोळली. मग बैलांच्या कानात सांगतात तसं वाकून, त्या भोकापाशी तोंड नेऊन म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मला तिला थांबवायचं होतं. मी कितीदा ठरवते आणि गप्प राहते. तेव्हाही राहिले.

सीतेला मात्र फार मजा वाटली. "आत्या, थे येईन का जेवाले?"

"आवतन देल्लं का येतच असतेत, बाई."

६

पोळ्याच्या दिवशी बैलाला जुंपत नाहीत, औताला हात लावत नाहीत. बाबूजींना हे ठाऊक होतं. दुपारी सगळे सजवलेले बैल घेऊन गावच्या तोरणाकडे निघाले तेव्हा शेजारचा मोतीलाल आमच्या दारासमोर थांबून ओरडला, "तेजरामभाऊ, आणा नं तुमचा बैल बी तोरनाखाली! का तीन पायाचा हाय म्हनून लाज वाटते?"

पोरंटोरं हसली. बाबूजी हसले नाहीत. ते आत आले, टोपी खुंटीला अडकवली आणि कोठ्याकडे गेले.

माय आणि मी स्वयंपाकघरात पुरण वाटत होतो. आत्या तोरणाला गेली होती. कोठ्यातून लोखंडावर लोखंड वाजल्याचा आवाज यायला लागला.

"सणाच्या दिवशी!" माय पुटपुटली.

मग बाबूजींचा आवाज आला. मऊ. तसं ते माझ्याशी कधी बोलत नाहीत.

"धर. अस्सं. शाब्बास बेटा."

मी मायकडे पाहिलं. मी इथे होते. माय इथे होती.

"सीता कुठी हाय?" मी विचारलं.

"जीपीले नैवेद्य न्यायचा म्हनत होती. ताट घेऊन गेली."

मी पाट्यावरून उठले, तेव्हा हाताला पुरण लागलेलं होतं. धावताना वाटेत काय होतं ते आठवत नाही.

पितळी ताट पोत्याशेजारी होतं. रिकामं. चाटूनपुसून रिकामं. सीता माझ्या जागी उताणी पडली होती आणि तिचा हात भोकात होता. कोपरापर्यंत नाही, दंडापर्यंत. चाकापलीकडे बाबूजी पान्याच्या दांड्यावर लांब पाइप चढवून त्यावर रेलले होते.

"तू बस रुसून," ते मला न पाहता म्हणाले. "आमच्या सीतेनं धरला. आता पाह्य कसा फिरते."

"सीते, हात काढ."

"नाही निघत ना, ताई," सीता म्हणाली. ती रडत नव्हती. तिच्या चेहऱ्यावर नवल होतं. "मी पोळी दिली. तिनं खाल्ली. मंग तिनं मले धरलं."

बाबूजींनी पाइप ओढला. बोल्ट कुरकुरला आणि पाव फेरा फिरला. सीतेचा दंड थोडा आत गेला.

मला वाटलं ती सरकली असेल. बाबूजींनी पुन्हा ओढला. बोल्ट पाव फेरा आणखी सुटला, आणि सीतेचा खांदा लोखंडाला जाऊन टेकला. बाहेर बोल्ट जितका निघत होता, तितकी सीता आत जात होती. आता तिचा गाल तुळईला लागला होता आणि ती हळू आवाजात "ताई, ताई" म्हणत होती.

"उलटा फिरवा!" मी म्हणाले.

"येडी झालीस का? निघून राह्यला नं आता!"

"उलटा फिरवा!!"

तो माझा आवाज होता. मी तो तोपर्यंत ऐकला नव्हता. बाबूजींनीही नाही. ते क्षणभर थांबले, आणि मी त्या पाइपावर झेप घेतली. त्याला दोन्ही हातांनी लटकले, पाय उचलले, माझं सगळं वजन उलट्या बाजूला टाकलं. बोल्ट आवळला. बाबूजींनी माझा दंड धरला, एक थप्पड मारली. मी सोडलं नाही. पुन्हा लटकले. बोल्ट आणखी आवळला. मग सीता खालून ओरडली, आणि बाबूजींनी वाकून पाहिलं.

त्यानंतर ते स्वतःच उलटं फिरवायला लागले. जीव तोडून.

मी खाली गेले. सीतेचा हात इंचाइंचानं बाहेर येत होता. खांदा, कोपर, मनगट. मनगटाबरोबर भोकाच्या काठापर्यंत चार बोटं आली. सीतेच्या बोटांपेक्षा मोठी, माझ्याएवढी. नखांत ग्रीस. मधल्या बोटाच्या पेरापाशी एक घट्टा होता, लेखणी टेकून टेकून पडतो तसा, आणि त्यात शाई मुरलेली होती.

त्या बोटांनी सीतेला ओढलं नाही. फक्त धरून ठेवलं, आणखी थोडा वेळ. मग सोडलं.

७

सीतेच्या मनगटावर वळ उठले होते. "चासीची धार लागली," बाबूजींनी मायला सांगितलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी नजर दुसरीकडे वळवली. त्या दिवसापासून ते कोठ्यात गेले नाहीत आणि मला एकदाही हाक मारली नाही.

मला वाटलं ते घाबरले आहेत. मला थोडं बरंही वाटलं. निदान त्यांना कळलं, असं वाटलं.

पुढच्या आठवड्यात ते लालबर्‍याहून गिऱ्हाईक घेऊन आले.

८

गिऱ्हाईकाचं नाव प्रेमलाल. हसतमुख माणूस होता. जीप ओढून न्यायला त्यानं बैलजोडी आणली होती, आणि बाजार करायचा म्हणून मुलीलाही बरोबर आणलं होतं. ती माझ्याएवढीच होती. तिचं नाव जिजा. ती निंबाखाली उभी होती, पायाच्या अंगठ्यानं माती उकरत.

मायनं सकाळी माझा शाळेचा पोशाख धुऊन वाळत घातला होता. "जीप गेली का उद्यापासून शाळा," बाबूजी आदल्या रात्री म्हणाले होते. "पर सौदा मोडला तं पाह्य."

प्रेमलालनं जीपभोवती फेरी मारली, टायरला लाथ मारली. "काम काय उरलं, भाऊ?"

"काही नाही," बाबूजी म्हणाले. "एक बोल्ट अडला हाय फक्त. बाहेरून फिरवाचा, आतून धराचा. बस, बारीक हात पाह्यजे कोनाचा तरी."

त्यांना माहीत होतं. त्यांनी स्वतः वाकून पाहिलं होतं. हे वाक्य ते चहा मागावा तसं बोलले.

प्रेमलाल हसला. "मंग काय! आमची जिजा हाय नं. ये वं जिजा, हात दाखव."

जिजा आली. तिनं हात पुढे केला. दोन्ही माणसांनी तिचा हात पाहिला, एकमेकांकडे पाहिलं आणि समाधानानं मान हलवली.

मी ओसरीवरून उतरले.  "काका," मी म्हणाले, "आत कोणी हाय. हात सोडत नाही."

बाबूजींचा चेहरा काळा पडला. प्रेमलाल मात्र मोठ्यानं हसला. "पोरीच्या जातीले भेवच लय! आमची बी तशीच. पाल पाह्यली का चढते खाटीवर." मग बाबूजींच्या पाठीवर थाप मारून तो बैल जुंपायला गेला. बाबूजीही हसले. मला वाटतं, सुटल्यामुळे.

सौदा मोडला नाही. माझ्या बोलण्यानं काहीच मोडलं नाही.

मी आणि जिजा तिथेच उभ्या राहिलो. ती हसली नव्हती. तिनं दोन्ही हात काखेत दाबून धरले होते.

"थंड रायते का तिचा हात?" तिनं हळूच विचारलं.

आत मुलगी आहे की मुलगा, हे मी सांगितलं नव्हतं. तिला ते सांगावं लागलं नाही.

"नाही," मी म्हणाले. "गरम. ज्यित्या मानसासारखा."

"जिजा!" प्रेमलालनं हाक मारली. "चाल वं, उशीर होऊन राह्यला!"

ती गेली. जीप बैलांच्या मागे वाकडी वाकडी चालली होती, आणि जिजा तिच्या मागे, बरंच अंतर ठेवून. हात काखेतच होते. रस्त्याच्या वळणापर्यंत तिनं ते काढले नाहीत.